पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या विद्यार्थ्याची लॅटिन खगोलाची वही कशी वाचायची

क्राकोव, व्हिएन्ना, विटेनबर्ग, बोलोन्या इथल्या विद्यापीठांमध्ये पाचशे वर्षांपूर्वी जी पोरं खगोल शिकत होती त्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या आज घरबसल्या बघायला मिळतात. व्हॅटिकन लायब्ररी, म्युनिकची बव्हेरियन स्टेट लायब्ररी, क्राकोवची यागिएलोनियन लायब्ररी, स्वित्झर्लंडचं ई-कोडिसेस, सगळीकडे चांगल्या क्वालिटीचे स्कॅन फुकट आहेत. पण होतं काय की माणूस उत्साहाने एखादी वही उघडतो, पानभर बारीक, तोडलेलं, एकमेकांत घुसलेलं अक्षर बघतो आणि पाचव्या मिनिटाला बंद करून टाकतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ज्याला पंचांगाची थोडी सवय आहे अशा मराठी माणसाला या वह्या युरोपातल्या सामान्य वाचकापेक्षा लवकर कळू शकतात. कसं ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: अक्षरापासून सुरुवात करू नका. लॅटिन चांगलं येत असलं तरी नको. आधी वर्गात कुठलं पुस्तक चालू होतं ते शोधा, मग आकडे वाचा, मग आकृत्या, आणि वाक्यांकडे शेवटी या. हा क्रम पाळला तर निम्मं काम शब्द न वाचताच होतं.

वर्गात काय चालू होतं

त्या काळी अभ्यासक्रम सगळीकडे जवळपास सारखाच होता, हे आपल्या फायद्याचं आहे. खगोलात पहिलं पुस्तक म्हणजे साक्रोबोस्कोचं ‘दे स्फेरा’. हे तेराव्या शतकातलं, म्हणजे रेनेसान्सच्या पोरांसाठीसुद्धा जुनंच, पण सतराव्या शतकापर्यंत शिकवलं जात होतं आणि छापील आवृत्त्या १४७२ पासून निघत राहिल्या. चार प्रकरणं आहेत. पहिल्यात गोल म्हणजे काय, ध्रुव, अक्ष, पृथ्वी गोल आहे याचे पुरावे. दुसऱ्यात विषुववृत्त, राशिचक्र, क्षितिज वगैरे वर्तुळं. तिसऱ्यात राशींचे उदयास्त, दिवसरात्रीची लांबी, पृथ्वीवरचे हवामानाचे पट्टे. चौथ्यात ग्रहांची गती आणि ग्रहणं, तेही अगदी थोडक्यात.

ते झालं की पोयरबाखचं ‘थेओरिके नोवे प्लानेतारुम’, म्हणजे ग्रहांच्या गतीची खरी यंत्रणा. या पुस्तकाची जन्मकथा सांगायलाच हवी, कारण हे पुस्तक मुळात विद्यार्थ्याच्या वहीतूनच आपल्यापर्यंत आलंय. पोयरबाखने १४५४ मध्ये व्हिएन्नात व्याख्यानं दिली, ऐकायला त्याचा १८ वर्षांचा विद्यार्थी रेगिओमोंटानुस होता, त्याने ती स्वतःच्या वहीत उतरवून घेतली, पोयरबाख १४६१ मध्ये गेला आणि पुढे १४७२ च्या सुमाराला न्युरेंबर्गमध्ये स्वतःचा छापखाना काढून रेगिओमोंटानुसनेच ते छापलं. ती वही व्हिएन्नाच्या नॅशनल लायब्ररीत आजही आहे. त्यामुळे ‘पोरांच्या नोट्स काय वाचायच्या’ असं कुणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा.

तिसरा टप्पा कोष्टकांचा, म्हणजे ग्रहांची स्थानं काढायच्या आकड्यांच्या तक्त्यांचा. आधी स्पेनमधल्या आल्फोन्सो राजाच्या नावाची आल्फोन्सीन कोष्टकं आणि १५५१ नंतर विटेनबर्गच्या राइनहोल्डने कोपर्निकसच्या गणितावर केलेली प्रुटेनिक कोष्टकं. आता वहीचं पहिलं पान काढा. ‘त्राक्तातुम दे स्पेरा क्वातुओर कापितुलिस’ असं काही दिसलं तर साक्रोबोस्को. ‘सोल हाबेत त्रेस ऑर्बेस’ दिसलं तर पोयरबाख. पहिलं पान फाटलेलं किंवा गहाळ असेल तर आकृत्यांवरून कळतं, ते पुढे येईलच. पुस्तक ओळखलं की त्याच काळातल्या छापील आवृत्तीचा स्कॅन शोधा आणि स्क्रीनवर वही आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवा. हे न करता वही वाचणं म्हणजे विनाकारण डोळे फोडून घेणं आहे.

पानाची मांडणीही बघा. बऱ्याच ठिकाणी मूळ पुस्तकाची ओळ मोठ्या अक्षरात असते आणि तिच्याखाली किंवा बाजूला मास्तरांचं स्पष्टीकरण बारीक अक्षरात. लाइपझिगचे छापखाने तर १५०० च्या आसपास मुद्दाम दोन ओळींत भरपूर जागा सोडून पुस्तकं छापायचे म्हणजे पोरांना तिथेच लिहिता यावं, आणि काही जण पुस्तकाच्या पानांमध्ये कोरे कागद घालून बांधून घ्यायचे. असं हायब्रीड प्रकरण हाती लागलं तर नशीब समजा, कारण कुठली नोट कुठल्या ओळीवर आहे हे शोधावंच लागत नाही. अक्षर स्वच्छ, एकसारखं, खाडाखोड नसलेलं असेल तर एक तर मास्तरांनी सावकाश डिक्टेट केलंय किंवा पोराने रूमवर जाऊन फेअर केलंय. शब्द अर्धवट, शाई बदललेली, ओळी वरखाली असतील तर ते चालू तासातलं लिखाण असण्याची शक्यता जास्त, आणि मला स्वतःला अशीच पानं जास्त आवडतात.

आकडे आधी

आकडे वाचायला लॅटिन लागत नाही. पण आकड्यांचे आकार बघून घ्या. पंधराव्या शतकात चार हा आजच्यासारखा नसतो, वर फास आणि खाली दोन पाय, अर्धवट आठ कापल्यासारखा. सात म्हणजे टोक वर असलेला छपरासारखा कोन. पाच तर प्रत्येकाचा वेगळा, कधी सातासारखा, कधी नऊसारखा. १५०० नंतर हळूहळू आजचे आकार येतात, आणि एकाच वहीत दोन्ही प्रकारही सापडतात. म्हणून पहिल्यांदा जिथे आकडे क्रमाने आलेत असं पान शोधा (कोष्टकाचा डावीकडचा १ ते ३० चा रकाना बेस्ट) आणि त्या पोराचे दहाही आकडे कागदावर काढून ठेवा. पुढे प्रत्येक पानाला तो कागद लागतो.

सगळं गणित साठाच्या पटीत चालतं, अंश, त्याचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला आणि त्याच्याही पुढे. इथे पंचांगवाल्यांची मजा आहे. कोष्टकात ५९, ८, १९, ३७ अशी रांग दिसली की डोळे झाकून सांगा की ही सूर्याची रोजची मध्यम गती. आपल्याकडे मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ १५२० मध्ये लिहिला, म्हणजे याच वह्यांच्या काळात, आणि त्यातही सूर्याची गती ५९ कला ८ विकलाच आहे. चंद्रासाठी १३, १०, ३५ बघा (इथे पहिला आकडा अंशांचा, बाकीच्यांत कलांचा), ग्रहलाघवात हेच ७९० कला ३५ विकला असं येतं. मंगळ ३१, २६. गुरू ४, ५९. शनी २, ०. एवढे पाच आकडे पाठ असले की मथळा न वाचता कोष्टक कुठल्या ग्रहाचं ते कळतं, आणि मथळा तर बहुतेक वेळा सगळ्यात वाईट अक्षरात असतो.

आता एक सापळा, ज्यात जवळपास प्रत्येक जण अडकतो. समजा स्थान लिहिलंय २, १७, ४३. आपण पंचांगाच्या सवयीने म्हणणार दोन राशी पूर्ण, म्हणजे मिथुनेत १७ अंश ४३ कला. पण आल्फोन्सीन कोष्टकांत राशीसारखं एक मोठं एकक असतं ते ६० अंशांचं, ३० चं नाही. मग तेच २, १७, ४३ होतं १३७ अंश ४३ कला, म्हणजे सिंहेत १७ अंश ४३ कला. एकदम दोन राशींचा फरक! ओळखायचं कसं? पहिल्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा बघा. ५ च्या पुढे कधीच जात नसेल तर ६० चं एकक, ११ पर्यंत जात असेल तर नेहमीच्या ३० अंशांच्या राशी. काही पोरं एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना समासात आकडेमोड करतात, ती सापडली तर सोनंच.

आणखी एक, ही सगळी स्थानं सायन आहेत, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजणारं, १५०० साली दोन्हींत साधारण १७ अंशांचा फरक होता, त्यामुळे आपल्या डोक्यातल्या संक्रांतीच्या तारखांशी ताडून बघू नका.

आकृत्या

आकृती हा वहीतला सगळ्यात प्रामाणिक भाग असतो, कारण वाक्य न समजता उतरवता येतं पण आकृती चुकली की लगेच दिसतं. स्कॅन पूर्ण झूम करा आणि कंपासच्या टोकाची भोकं शोधा.

सूर्याच्या आकृतीत पोयरबाख पद्धतीने तीन थर असतात. बाहेरचा आणि आतला थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक, बहुतेक वेळा गडद रंगवलेले, आणि मधल्या फिक्या पट्ट्यात सूर्य. मंगळ, गुरू, शनी यांच्या आकृतीत एका रेषेवर तीन भोकं दिसली पाहिजेत: विश्वाचं म्हणजे पृथ्वीचं केंद्र, मधे मोठ्या वर्तुळाचं (ज्यावरून ग्रहाचं छोटं वर्तुळ फिरतं त्याचं) केंद्र, आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर एक्वांट, म्हणजे ज्या बिंदूभोवती गती एकसारखी धरतात तो. हा तिसरा बिंदू ग्रहलाघवात नाही, त्यामुळे आपल्या लोकांना तो नवीन वाटेल, त्याच्यासाठी थोडा वेळ द्या. कोपर्निकसला टोलेमी या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञाच्या पद्धतीत जे खटकलं त्यात हाच मोठा भाग होता. पोराने मधलं भोक बरोब्बर मध्यावर पाडलंय की अंदाजाने, यावरून त्याला किती कळलं होतं ते दिसतं. आणि कुठे अंडाकृती दिसली तर तो बुध, कारण पोयरबाखने स्वतःच म्हटलंय की बुधाच्या छोट्या वर्तुळाचं केंद्र अंडाकृती वाट काढतं.

आकृतीवरच्या चिठ्ठ्या वाचायला हे शब्द पुरतात. मेदिउस मोतुस म्हणजे मध्यम ग्रह, सरासरी गतीने येणारं स्थान. वेरुस मोतुस म्हणजे स्पष्ट ग्रह, आकाशातलं खरं स्थान. आउक्स म्हणजे आपलं उच्च (अरबीतून फिरून गेलेला मूळचा आपलाच शब्द), ओपोसितुम आउगिस म्हणजे नीच. एक्वात्सिओ म्हणजे स्पष्ट ग्रह काढायला मध्यम ग्रहात जोडायचं-वजा करायचं ते फल. कापुत द्राकोनिस आणि काउदा द्राकोनिस, ड्रॅगनचं डोकं आणि शेपूट, म्हणजे राहू आणि केतू. ‘सेंत्रुम’ मात्र जपून. आकृतीत तो बिंदू असतो पण कोष्टकात तो कोन असतो, आपल्या मंदकेंद्रासारखा, म्हणजे उच्चापासून मोजलेला.

आता शब्द

इथपर्यंत आलात की वाक्य काय म्हणणार याचा अंदाज आलेला असतो. ज्यांनी मोडी वाचलीय त्यांना ही अवस्था माहीत आहे, सुटं अक्षर लागत नाही पण ठरावीक मायना माहीत असला की ओळ उलगडते.

पोयरबाखचंच पहिलं वाक्य घेऊ: ‘सोल हाबेत त्रेस ऑर्बेस आ से इन्विचेम ओम्निक्वाक्वे दिविसोस आत्क्वे सिबि कोंतिगुओस’. सूर्याला तीन थर आहेत, सर्व बाजूंनी एकमेकांपासून वेगळे आणि तरी एकमेकांना लागून, असा अर्थ. वहीत हे साधारण असं दिसेल. ‘सोल’ लिहिलेलंच नाही, नुसतं वर्तुळ आणि मधे टिंब. ‘हाबेत’ म्हणजे एक एच आणि त्याला चिकटलेली इंग्रजी तीनसारखी खूण. ‘इन्विचेम’चा शेवटचा एम गायब, त्याआधीच्या स्वरावर आडवी रेघ. ‘ओम्नि’ म्हणजे ओ आणि आय आणि वर रेघ, मधली दोन अक्षरं खाल्लेली. ‘आत्क्वे’चा शेवट म्हणजे क्यू आणि परत तीच तीनसारखी खूण. ‘कोंतिगुओस’ची सुरुवात इंग्रजी नऊच्या आकाराच्या खुणेने, ती म्हणजे ‘कोन’. बस, या एका ओळीत अर्ध्या खुणा आल्या.

उरलेल्यांपैकी रोज लागणाऱ्या सांगतो. पीच्या खालच्या दांड्यावर आडवी रेघ म्हणजे ‘पेर’, त्याच दांड्याला डावीकडे वळसा म्हणजे ‘प्रो’, डोक्यावर रेघ म्हणजे ‘प्रे’. नऊसारखीच खूण शब्दाच्या शेवटी वरच्या बाजूला आली तर ‘उस’. इंग्रजी सातासारखी सुटी खूण म्हणजे ‘एत’, आणि. जी या अक्षरावर छोटा ओ म्हणजे ‘एर्गो’, जी वर छोटा आय म्हणजे ‘इगितुर’, दोन्हींचा अर्थ ‘म्हणून’, आणि तर्क चालू असला की हे पानापानावर येतात. आय, एन, एम, यू हे सगळे नुसत्या उभ्या काड्या असतात, टिंबं बऱ्याचदा नसतात, म्हणून काड्या मोजायच्या आणि कुठला शब्द बसतो ते बघायचं. लांब एस हा एफसारखा दिसतो. सी आणि टी तर सारखेच धरून चाला. स्पेलिंगही मध्ययुगीन असतं, स्फेराचं स्पेरा. यापलीकडची खूण आली तर आद्रियानो कापेल्लीचा १८९९ चा संक्षेपांचा कोश इंटरनेटवर आहे, तो हाताशी ठेवा. ट्रान्सक्रिबससारखं सॉफ्टवेअर हाताचं अक्षर वाचायचा प्रयत्न करतं, पण आकड्यांच्या आणि खुणांच्या गर्दीत ते गडबडतं, त्यामुळे पहिला मसुदा म्हणून वापरा आणि प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला.

लिहून काढताना एक शिस्त पाळा: जी अक्षरं तुम्ही भरलीत ती कंसात. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह. पोराची चूक सुधारून लिहू नका, ती तशीच ठेवा आणि खाली टीप द्या. ‘बरोबर’ केलेली वही पुढच्या वाचकाच्या काहीच कामाची नाही.

तारखा आणि आकाशाशी ताळा

वहीत तारीख क्वचितच सरळ लिहिलेली असते. आठवड्याचे वार ‘फेरिया’ने, रविवार पहिला धरून, म्हणजे फेरिया सेकुंदा सोमवार, क्विंता गुरुवार. नाहीतर वाराच्या जागी नुसतं ग्रहाचं चिन्ह. दिवस बऱ्याचदा अमुक संताच्या सणाआधी किंवा नंतर असा. रोमन पद्धत असेल तर महिन्यातल्या ठरलेल्या दिवसापासून उलटं मोजायचं आणि दोन्ही टोकं धरायची. जर्मनी-पोलंडकडे वर्ष नाताळला बदलायचं, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख एक वर्ष पुढची वाटू शकते. दिवस खगोलवाले दुपारपासून मोजायचे, इटलीतले लोक तास सूर्यास्तापासून मोजायचे. आणि ऑक्टोबर १५८२ पर्यंत सगळं ज्युलियन कॅलेंडर, त्यामुळे १५०० च्या सुमाराला सूर्य सायन मेषेत १०-११ मार्चलाच शिरतो, २० ला नाही.

हात बसवायला एक पक्कं उदाहरण करून बघा. कोपर्निकस बोलोन्यात शिकत असताना त्याने आणि तिथले खगोलाचे मास्तर दोमेनिको मारिया नोव्हारा यांनी चंद्राने रोहिणीच्या ताऱ्याला झाकताना बघितलं. कोपर्निकस तारीख देतो मार्चच्या इदेसच्या आधीचा सातवा दिवस, साल १४९७. इदेस १५ मार्चला, तो धरून मागे सात मोजा, ९ मार्च येतो, गुरुवार. वेळ रात्रीचा पाचवा तास संपताना, म्हणजे सूर्यास्तापासून मोजून साधारण अकरा. आता स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण बोलोन्या, तारीख ९ मार्च १४९७ टाका (१५८२ आधीच्या तारखा ते ज्युलियनच धरतं, वेगळं रूपांतर करू नका) आणि घड्याळ पुढे सरकवत रोहिणी बघत राहा. चंद्र तिला गिळताना दिसला की तुमची तारीख वाचायची पद्धत बरोबर आहे. हे पहिल्यांदा स्वतः केलं की जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही.

मग वहीतल्या ग्रहांच्या स्थानांना हेच लावा, पण ग्रहांचे रेखांश (राशिचक्रावरची स्थानं) ‘त्या तारखेचे’ घ्या, सॉफ्टवेअर देतं ते २००० सालच्या संदर्भाचे नाही. उत्तर थोडं चुकणारच, कारण कोष्टकंच चुकीची होती. १५६३ मध्ये गुरू-शनीची युती (दोन्ही ग्रह आकाशात एकत्र येणं) पुढे मोठा खगोलशास्त्रज्ञ झालेल्या टीको ब्राहेने बघितली तेव्हा आल्फोन्सीन कोष्टकं महिनाभराने आणि प्रुटेनिक काही दिवसांनी चुकलेली निघाली, त्या वेळी तोही विद्यार्थीच होता. म्हणून एक-दोन अंशांचा फरक आला, मंगळाला त्याहून जास्त आला, तरी वाचन बरोबर असू शकतं. फरक बरोब्बर ३० किंवा ६० अंशांचा आला तर राशीचं एकक चुकलं. तीनच अंशांचा आला तर ४ आणि ७ परत तपासा.

शेवटी समास

हे सगळं झालं की छापील पुस्तकाशी ओळ ओळ लावा आणि जे पुस्तकात आहे ते बाजूला काढा. जे उरलं ती खरी वही. मास्तरांचं स्पष्टीकरण, मित्राकडून उतरवलेलं कोष्टक, एखाद्या ग्रहणाची नोंद, कुठेतरी ‘हे जुळत नाही’ अशा अर्थाची खूण. शाईचा रंग आणि पेनाची जाडी बदलली की वेगळा थर धरा, कारण वह्या नंतर दुसऱ्यांच्या हातात जायच्या आणि तेही लिहायचे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण परत कोपर्निकसच आहे. १४९१ मध्ये क्राकोवला नाव नोंदवलेल्या या पोराने आल्फोन्सीन कोष्टकांची १४९२ ची छापील प्रत आणि रेगिओमोंटानुसची कोष्टकं एकत्र बांधून घेतली आणि मागे १६ कोरी पानं जोडली. त्या पानांवर त्याने वर्षानुवर्षं आकडे लिहिले, त्यात ग्रहांच्या वर्तुळांच्या त्रिज्यांची एक छोटी यादी आहे जी त्याच्या नव्या पद्धतीच्या अगदी मुळाशी जाते. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात स्वीडिश सैन्याने त्याची पुस्तकं उचलून नेली म्हणून ती प्रत आज स्वीडनमध्ये उप्सालाला आहे. नुसती छापील कोष्टकं बघून कुणी पुस्तक बंद केलं असतं तर ती यादी दिसलीच नसती. तेव्हा तुमच्या वहीचीही शेवटची पानं, आतली कव्हरं आणि बांधणीत दबलेले समास स्कॅनमध्ये आहेत का ते बघा, नसतील तर लायब्ररीला मेल टाका, विचारलं की बरेचदा पाठवतात.